तोमणे गुरुजींचा डावा पाय

“ताई, आपण सगळे लंगडतो काहून?”

आम्रपालीनं हे विचारलं तेव्हा विहारामागच्या हॉलमध्ये वर्ग अगदी रंगात आला होता. म्हणजे निम्मे लोक निम्म्या लोकांना गादीवर पाडत होते, आणि पडलेले उठून पुन्हा पडायला येत होते. प्रश्न ऐकला आणि सगळे जिथल्या तिथे थांबले. एक काका अर्धवट पडले होते, तेही थांबले. मग त्यांना ते झेपलं नाही आणि ते उरलेले पडले.

प्रभावतीताईंनी चष्मा पुसला. “कोण लंगडते?”

“सगळेच. वळताना. डावा पाय मागं राह्यते.”

“त्याले लंगडणं नाही म्हणत,” ताई म्हणाल्या. “ते गुरुजींचं पाऊल आहे.”

खरं तर प्रश्न आम्रपालीचा नव्हताच. तो संगीता राठोडचा होता. संगीता तिच्या बाकावर बसायची आणि कराटे खेळायची, आणि तिच्या घरी दारामागच्या खिळ्याला इतकी मेडलं लटकत होती की दार पूर्ण उघडत नव्हतं. एके दिवशी ती वणीच्या बाजारातून जाता जाता ऐकिडोचा वर्ग खिडकीतून बघायला थांबली आणि हसून हसून तिला उचकी लागली. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती म्हणाली, “तुमच्या इथं सगळ्यायले एकाच पायाले लागलं काय व? हिंमत असंन तं विचार तुह्या ताईले. विचारलं तं तुही बॅग मी उचलीन; नाही विचारलं तं परीक्षेपर्यंत माही बॅग तू उचलशीन.”

मागच्या वर्षीची आम्रपाली असती तर तिने बॅग उचलली असती. मागच्या वर्षी तिला वर्गात पाणी प्यायला जाऊ का हे विचारायचीसुद्धा लाज वाटायची. ती तहानलेली बसून राहायची. यंदा काय झालं कोणास ठाऊक, पण वर्षभर आपटून आपटून तिची भीड चेपली होती. आता ती कोणालाही काहीही विचारायची. इतिहासाच्या सरांना तिने विचारलं होतं की इतक्या लांब लढायला जायची गरजच काय होती. सर म्हणाले होते, सिलॅबसमध्ये आहे. तिचे बाबा संघदीप कोळशाचा ट्रक चालवायचे. ते म्हणत, “या पोरीचा हॉर्न लागला, पण ब्रेक कुठी आहे ते सापडत नाही.”

आता ऐकिडो म्हणजे काय, ते थोडक्यात सांगायला हवं. समोरचा अंगावर धावून आला की आपण त्याच्या वाटेतून बाजूला व्हायचं, गरकन वळायचं, आणि त्याच्याच जोरानं त्याला खाली बसवायचं. बस. यात स्पर्धा नसते. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही, त्यामुळे मेडल नाही, आणि दहावीला खेळाचे वाढीव गुणही नाहीत. हा शेवटचा मुद्दा आम्रपालीच्या आईला, साधनाबाईंना, फार लागला होता.

आणि वणीला हे आलं कसं, तर तोमणे गुरुजींमुळे. त्यांचं खरं आडनाव तोमिनागा. ते जपानच्या समुद्रकाठच्या एका लहानशा गावचे. साठी उलटल्यावर ते बौद्ध यात्रेकरूंच्या एका टोळीबरोबर नागपूरला आले, आणि कोणीतरी त्यांना नव्या विहाराच्या उद्‌घाटनाला दोन दिवसांसाठी वणीला आणलं. उद्‌घाटनाच्या भाषणात पोरं कुंपणाच्या भिंतीवर चढून बसली होती. त्यांतली दोन-तीन पडली. गुरुजी भाषण सोडून तिकडे धावले. पोरांना काही झालं नव्हतं, पण ती ज्या पद्धतीनं पडली ते बघून गुरुजींना धक्का बसला. इतकं वाईट पडणं त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. ते थांबले. दरवर्षी व्हिसाकरता जपानला जायचे आणि दरवर्षी परत यायचे, तेही एप्रिलमध्ये, जेव्हा वणीचे लोकच वणी सोडून जायला बघतात. असं चौदा वर्षं चाललं.

तोमिनागा हे नाव पहिल्याच आठवड्यात तोमणे झालं. “चंद्रपूरकडचे तोमणे काय?” असं विचारणारेही भेटायचे. गुरुजी मान हलवायचे.

प्रभावतीताईंचं तेव्हा शिलाईचं दुकान होतं. गुरुजींनी कापसाच्या गाद्या भरून घेतल्या आणि खोळी शिवायला ताईंकडे टाकल्या. ताई खोळी घेऊन विहारात गेल्या आणि त्यांनी विचारलं, एवढ्या गाद्यांवर झोपणार कोण? गुरुजींना मराठीतले चारच शब्द यायचे: पाणी, हळू, पुन्हा आणि काहून. यांतून उत्तर तयार होईना, म्हणून त्यांनी ताईंना अलगद हात धरून गादीवर पाडून दाखवलं. मग म्हणाले, “पुन्हा.” ताई त्या दिवशी ब्लाऊजची गिऱ्हाइकं सोडून आल्या होत्या. ती गिऱ्हाइकं पुढे दुसरीकडे गेली.

लॉकडाऊनच्या आधी गुरुजी नेहमीसारखे व्हिसाकरता गेले आणि तिकडेच अडकले. नंतर तिकडेच वारले. विहारात त्यांच्या फोटोपुढे सगळ्यांनी मेणबत्त्या लावल्या, आणि वर्ग ताईंनी सुरू ठेवला. आम्रपाली वर्गात आली ती त्यानंतर. तिने गुरुजींना कधीच पाहिलं नव्हतं. फोटोत ते मांडी घालून बसलेले होते, आणि मांडी घातलेल्या माणसाचा डावा पाय कसा पडतो ते फोटोवरून कळत नाही.

तर ते पाऊल. वळताना उजवा पाय झपकन जायचा आणि डावा त्याच्यामागून जरा उशिरा, जमीन खरवडत यायचा. बाजारातून परतताना हट्टी पोर आईच्या हाताला लटकून येतं, तसा. वर्गात सगळे तसंच वळायचे. या उशिराची कारणं प्रत्येकाजवळ होती. बँकेतले काका म्हणायचे, त्यामुळे पृथ्वीची शक्ती पायातून वर चढते. विहार कमिटीचे अध्यक्ष किसनराव तर जयंतीच्या भाषणात सांगायचे की, तो क्षण म्हणजे करुणा; शत्रूला सुधारायला दिलेली शेवटची संधी. यावर टाळ्या पडायच्या.

त्या दिवशी वर्ग संपल्यावर ताई गाद्या रचत आम्रपालीला म्हणाल्या, “एक गोष्ट आठवून राह्यली. सुरुवातीच्या वर्षी गुरुजींनं एकदा वर्ग मधातच थांबवला. आमच्या सगळ्यायच्या पायाकडं गंज वेळ पाहत राह्यले. मंग खाली बसले अन् हसाले लागले. डोळ्यातून पाणी येईलोक हसले. आमाले वाटलं, ऊन लागलं. मी लिंबूपाणी आणलं. ते प्याले, उठले, अन् म्हणाले, पुन्हा.”

“हसले काहून?”

“तेच तं,” ताई म्हणाल्या. त्यांनी उजवा खांदा दाबला आणि शेवटची गादी तशीच राहू दिली. डॉक्टरांनी त्यांना पडायलाही मनाई केली होती आणि पाडायलाही.

त्याच आठवड्यात किसनराव हॉलमध्ये आले. चपला बाहेर काढून, हात मागे बांधून त्यांनी एक फेरी मारली.

“ताई, कराटेवाले हॉल मागून राह्यले. एप्रिलपासून. त्यायच्यात सर्टिफिकेट भेटते, पोरं भरतीत लागते. कमिटीले उत्तर द्या लागते मले. आता जपानहून त्या ओकुदाबाई येऊन राह्यल्या. गुरुजींच्या पहिल्या विद्यार्थिनी. त्यायनं पाहावं अन् सांगावं, हे खरं आहे का नाही. खरं असंन तं हॉल तुमचा. पण शिकवाले माणूस लागंन. तुमचा खांदा तं गेला.”

“पाहू,” ताई म्हणाल्या.

“कोण घेईन मंग वर्ग?”

ताईंनी काकांकडे पाहिलं. काकांनी घड्याळाकडे पाहिलं.

घरी आम्रपालीनं फ्रिज आणि पलंग यांच्या मधल्या जागेत सराव सुरू केला. एकदा डावा पाय ओढून, एकदा न ओढता. न ओढता वळलं की तोल जायचा आणि ती फ्रिजवर आदळायची. बाबा जेवता जेवता बघत होते.

“अलाइनमेंट गेली तुही,” ते म्हणाले. “एक चाक ओढते.”

“गुरुजींचं पाऊल आहे ते.”

“हो ना, पण टायर एकाच बाजूनं घासंन.”

आई पोळी लाटत म्हणाली, “मी संगीताच्या सरांशी बोलून ठेवलं. एप्रिलपासून कराटे. दहावीचं वर्ष आहे. पडाचंच असंन तं गुण भेटते तिथं पड.”

आम्रपाली काही बोलली नाही. हे इतकं नवल होतं की आईनं लाटणं थांबवून तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

गप्प राहण्याचं कारण असं की, तिला कळायला लागलं होतं. पायरीवरून घसरून आजीचा गुडघा गेला होता, तेव्हा आजी अगदी अशीच वळायची. पृथ्वीची शक्ती नाही, करुणा नाही. गुडघा. आणि हे जपानची बाई आली की पहिल्याच वळणावर तिला दिसणार होतं. संगीताला खिडकीतून दिसलं होतं, तर हिला न दिसायला काय झालं? मग ताईंचं काय? त्यांनी गिऱ्हाइकं सोडून, खांदा घालवून जे जपलं, ते एका म्हाताऱ्या माणसाचं दुखणं होतं, हे त्यांना सगळ्यांसमोर कळणार.

ओकुदाबाई रविवारी सकाळी आल्या. सत्तरीच्या, बारीक, ताठ, आणि उन्हाला अजिबात न घाबरणाऱ्या. त्यांच्याबरोबर दुभाषे म्हणून पूनमसिंग चव्हाण होते. ते दारव्ह्याकडच्या तांड्यातले. जपानात एका कारखान्यात बरीच वर्षं काढून परतले होते, आणि आता नागपूरला जपानी शिकवायचे. किसनरावांनी “जयभीम” केला, हार घातला आणि करुणेवरचं भाषण पहिल्यापासून शेवटपर्यंत केलं. पूनमसिंगांनी त्याचं एका वाक्यात भाषांतर केलं.

“एवढंच?” किसनराव म्हणाले.

“जपानी भाषा आटोपशीर आहे, साहेब.”

मग प्रात्यक्षिक झालं. सगळे वाकले, उठले, धावले, वळले. डावे पाय एकसाथ गादीवरून खरर्र करत आले. हॉलमध्ये दुसरा आवाज नव्हता. ओकुदाबाई आधी चेहरे बघत होत्या. मग त्यांची नजर खाली गेली ती वर आलीच नाही. त्यांच्या हातातला चहाचा कप कलला आणि चहा बशीत सांडला, बशीतून त्यांच्या उपरण्यावर सांडला, तरी त्यांना पत्ता नाही.

खिडकीत संगीता उभी होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं.

प्रात्यक्षिक संपलं. किसनरावांनी घसा साफ केला. “तं मंग, बाईले विचारा, हे बरोबर आहे ना?”

कोणी काही म्हणायच्या आत आम्रपाली पुढे झाली. या वेळी तिच्याशी कोणी पैज लावली नव्हती. “तसं नका विचारू,” ती पूनमसिंगांना म्हणाली. “विचारा, गुरुजींच्या गुडघ्याले काय झालं होतं?”

ताईंनी झटकन मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

पूनमसिंगांनी विचारलं. ओकुदाबाई बराच वेळ बोलल्या. मध्ये त्यांनी हातानं जिना दाखवला, एक गोल भांडं दाखवलं.

“बाई म्हणते,” पूनमसिंग सांगू लागले, “गुरुजी मुळ्याच्या लोणच्याची बरणी घेऊन जिना उतरत होते. घसरले. बरणी वाचली. गुडघा गेला. सरळ चालताना कळायचं नाही, ते तसेही हळूच चालायचे. पण वळताना पाय मागं राहायचा. तिकडले विद्यार्थी लय सभ्य. पाय अडकला का सगळे दुसरीकडं पाहायचे. बाईही पाहायची. गुरुजींले ते सहन झालं नाही. एक दिवस म्हणाले, यात्रेले जातो.”



“म्हणजे हे पाऊल?” किसनरावांनी विचारलं.

पूनमसिंगांनी विचारलं. ओकुदाबाईंनी एकच शब्द उच्चारला. पूनमसिंग ताईंकडे बघायला लागले.

“काय म्हणल्या?”

“चूक,” पूनमसिंग म्हणाले.

“थोडं चूक का…”

“पूर्ण.”

किसनरावांनी मनातल्या मनात आपली सगळी जयंतीची भाषणं आठवून पाहिली असावीत. ते खुर्चीवर बसले. बँकेतले काका स्वतःच्या डाव्या पायाकडे, दुसऱ्याचा असल्यासारखे, बघत होते.

प्रभावतीताई उठल्या. त्या भिंतीकडे गेल्या आणि डाव्या हातानं एकेक गादी ओढून रचायला लागल्या. “मी पोरायले चूक शिकवलं,” त्या गादीला म्हणाल्या. “इतके वर्षं. गुरुजींनं सांगतलं काहून नाही?”

आम्रपालीला वाटलं, आपण विचारलंच नसतं तर बरं होतं. संगीताची बॅग काही इतकी जड नव्हती.

पण ओकुदाबाई ताईंच्या मागे गेल्या आणि रचलेली गादी त्यांनी परत खाली ओढली. मग त्या भरभर बोलायला लागल्या. पूनमसिंग मागून धावत भाषांतर करत होते. “बाई म्हणते, इथं आल्याच्या पहिल्या वर्षी गुरुजींचा फोन आला होता. हसून राह्यले होते. म्हणाले, इथं एक गाव आहे, इथं सगळे माह्यासारखे वळते. कोणीच दुसरीकडं पाहत नाही. मी चूक शिकवून राह्यलो अन् दुरुस्त करणार नाही. बाईले वाटलं, गंमत करते. म्हणून ती पाहाले आली.” पूनमसिंगांनी नाक ओढलं. “अन् म्हणते, गाद्या राहू द्या. तिले पडाचं आहे.”

“कोणाच्या हातानं?” ताईंनी विचारलं.

“गुरुजींच्या.”

ताईंनी खांद्याला हात लावला. मग त्यांनी आम्रपालीकडे पाहिलं. “जाय,” त्या म्हणाल्या. “कर.”

“मी? मी तं गुरुजींले पाह्यलंही नाही.”

“मी पाह्यलं. तू मले पाह्यलं. जाय.”

सत्तर वर्षांच्या जपानी पाहुणीला पाडायचं म्हणजे काही खेळ नव्हता. किसनराव “हळू, हळू” म्हणत अर्धे उठले. ओकुदाबाई समोरून आल्या, हात पुढे करून. आम्रपाली बाजूला झाली, वळली. उजवा पाय गेला. डावा मागे राहिला, जरा उशिरा, खरवडत आला. त्या उशिरात ओकुदाबाई तिच्या हाताला धरून क्षणभर थांबल्या, जशी ओळखीच्या घराच्या उंबरठ्यावर माणसं थांबतात. त्यांनी डोळे मिटले होते. मग त्या पडल्या. इतकं सुंदर पडणं वणीत गुरुजींनंतर कोणी पाहिलं नव्हतं. कसलाही आवाज झाला नाही.

त्या पडल्या पडल्या काहीतरी म्हणाल्या.

“तोच आहे, म्हणते,” पूनमसिंग म्हणाले.

ओकुदाबाई उठल्या, जागेवर जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “पुन्हा.”

हा शब्द त्यांना पूनमसिंगांनी शिकवला नव्हता.

मग त्या पुन्हा पडल्या, आणि पुन्हा. आम्रपालीचा हात दुखायला लागला. बाहेर पाहुण्यांसाठी केलेले तर्री-पोहे गार झाले आणि कमिटीच्या बायका दारातून किसनरावांना खुणा करायला लागल्या. किसनराव त्यांना हातानंच “थांबा” म्हणत होते. त्यांनी डोळे पुसले, घाम पुसल्यासारखे.

शेवटी सगळे जेवायला बसले. किसनराव ताईंजवळ येऊन म्हणाले, “कमिटीले काय सांगू? बाई म्हणते चूक, अन् म्हणते दुरुस्त नका करू. हे ठरावात कसं बसवू मी?” मग स्वतःच म्हणाले, “हॉल राहू द्या. पण ताई, घेईन कोण?”

ताईंनी पोह्यांत लिंबू पिळलं. या वेळी त्यांनी कोणाकडेच पाहिलं नाही.

खिडकीपाशी संगीता अजून उभी होती. आम्रपाली बाहेर आली तेव्हा ती म्हणाली, “ते म्हातारी इतक्या वेळा काहून पडली व?”

“तिले पाडणारा भेटत नव्हता.”

संगीतानं विचार केला. “माह्या मेडलायसाठी कोणी जपानहून नाही आलं,” ती म्हणाली. मग म्हणाली, “पण तुमी लंगडता हे खरंच निघालं. बॅग तं मी नाही उचलणार.”

संध्याकाळी आम्रपाली घरी आली तेव्हा बाबा चंद्रपूरची खेप करून आले होते आणि पाय धूत होते. आई भाजी निवडत होती. दारात चप्पल काढताना आम्रपाली एकदा मुद्दाम वर्गातल्यासारखी वळली. डावा पाय मागून आला, खरवडत.

“कपडे नीट कर, उद्या कराटेच्या सरांकडं जाऊ,” आई म्हणाली. “अन् काय म्हणे ते जपानची बाई?”

“म्हणे, पूर्ण चूक आहे.”

“घ्या,” बाबा म्हणाले.

आम्रपाली दोघांच्या मधोमध उभी राहिली. फ्रिज आणि पलंगाच्या मधली तीच जागा.

“आई, बाबा, ऐका. मी कराटेले जाणार नाही. उद्यापासून विहारातला वर्ग मी घेणार. ताई खुर्चीवर बसून वरडतीन अन् मी पाडीन. दहावीचा अभ्यास पहाटे करीन, मले उठवाचं काम बाबाचं. अन् डावा पाय ओढाचाच, हे मी ठरवलं. सरळ पाय ज्याले पाह्यजे त्यानं जपानले जावं.”